आकडा बसेपर्यंत कॉफी बंद

साहेबांनी ऑफिसात कॉफीचं यंत्र आणलं, त्या दिवसापर्यंत मिलीताईंच्या हाताबद्दल कोणाला काही बोलायला जागा नव्हती. मिलीताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. मिलिग्रॅममधला मिली उचलून त्याला ताई जोडण्याचं काम ऑफिसातल्या लोकांनी फार पूर्वी करून ठेवलं होतं. आता पगाराच्या पाकिटावर खरं नाव दिसलं की त्यांनाच क्षणभर वाटे, हे दुसऱ्या कुणाचं आपल्याकडे आलं.

त्यांचं ऑफिस म्हणजे वजनांची प्रयोगशाळा. दुकानदारांची, औषधवाल्यांची, सोनारांची वजनं तिथे येत आणि ती खरी की खोटी हे मिलीताई ठरवत. आतल्या खोलीत काचेच्या पेटीत तराजू होता. चिमट्याने वजन उचलायचं, पारड्याच्या मधोमध ठेवायचं, पेटीचं दार लोटायचं, हात मांडीवर घ्यायचे आणि समोरचा आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहायची. याला त्या ‘आकडा बसणं’ म्हणत. ज्यांना हे काम कंटाळवाणं वाटतं त्यांनी आकडा बसतानाचा शेवटचा क्षण पाहिलेला नसतो, असं त्यांचं मत होतं. शेवटचा अंक जरा इकडे होतो, जरा तिकडे होतो, आणि मग कूस बदलून झोपी गेलेल्या मुलासारखा गप्प पडतो. हे मत त्यांनी एकदा नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. तो पेपर वाचत होता, तो वाचतच राहिला.

तर यंत्र आलं. ते आख्खे दाणे दळायचं, पाणी खळखळवायचं, दूध फुसफुसवायचं आणि शेवटी एक सुस्कारा सोडून कप भरायचं. साहेबांनी ते बोळात, सगळ्यांना जाता-येता दिसेल असं बसवलं, आणि पहिल्या दिवशी स्वतः शेजारी उभं राहून प्रत्येकाला विचारलं, "कशी झालीय?" वाईट झालीय असं कोण म्हणणार. मिलीताई आजवर घरी सकाळी एक आणि ऑफिसात दुपारी एक अशी बेतशीर कॉफी पिणाऱ्या. पण फुकटच्या यंत्रापुढे बेत टिकत नाही. त्या किती कप पिऊ लागल्या ते त्यांनी मोजलं नाही. आणि मिलीताई एखादी गोष्ट मोजत नाहीत याचाच अर्थ प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं.

आणि साधारण त्याच सुमाराला आकडा बसेनासा झाला.

शेवटचा अंक झोपी जायचा आणि दचकून उठायचा. वजन काढून पुन्हा ठेवलं की आकडा वेगळा. तिसऱ्यांदा ठेवलं की तिसराच. मिलीताईंनी तराजू तपासला. तराजू चोख होता. तो चोख असल्याचा दाखला त्यांनीच दिलेला होता, खाली त्यांचीच सही होती. आता या धंद्यातली एक अडचण सांगायला हवी. जी बाई आयुष्यभर यंत्रं तपासून त्यांच्यावर शिक्के मारते, तिचा शिक्का मारलेल्या यंत्रावर फार विश्वास बसतो. माणसावर असा शिक्का कुठेच नसतो. म्हणून संशय आला की मिलीताई आधी माणसाकडे पाहत, आणि त्या खोलीत माणूस म्हणजे त्या एकट्याच. त्यांनी चिमटा उजेडात धरला. चिमट्याचं टोक थरथरत होतं. अगदी बारीक, पण थरथरत होतं.

"कॉफी," साहेब म्हणाले. ते दारात उभे होते आणि त्यांच्या हातात कप होता. "मिलीताई, तुम्ही जरा जास्तच घेता हं. मी बघतो ना."

"आकडा हात काढून घेतल्यावर हलतो, साहेब."

"हात काढला तरी तुम्ही खोलीत असताच की. पाय हलत असेल. श्वास जोरात असेल. कॉफीने सगळंच जोरात होतं."

मिलीताईंनी यावर विचार केला आणि त्यांना ते पटलं. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ हे पटणंच.

साहेबांची घाई वेगळी होती. महिनाअखेरीला वरच्या ऑफिसातून परीक्षक बाई येणार होत्या. त्या शेजारी बसून वजन करताना पाहणार, आणि आकडा बसला नाही तर खोली दुसऱ्याकडे जाणार. मग मिलीताईंची बदली ठरलेली: तक्रार खिडकी. ज्या दुकानदारांची वजनं खोटी निघून जप्त होतात ते ज्या खिडकीत डोकं घालून ओरडतात, ती ही खिडकी. तिथले काका आता निवृत्त होत होते. त्यांचा आवाज आणि छाती दोन्ही त्या कामासाठीच घडवल्यासारखी होती. मिलीताई तर भाजीवाल्याने चुकीची भाजी दिली तरी ती घरी आणून शिजवणाऱ्या बाई.

काकांना मात्र वारस सापडल्याचा आनंद झाला होता. "ताई, एवढं मनावर नाही घ्यायचं," ते जेवणाच्या सुट्टीत समजूत घालत. "पहिले काही महिने रात्री कानात ओरडणं ऐकू येतं. मग कानच कमी होतात. माझं बघा ना."

"काय?"

"हां?" काका म्हणाले.

मिलीताईंनी कॉफी सोडली.

एका फटक्यात सोडली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं डोकं असं ठणकू लागलं की आत कुणीतरी फर्निचर हलवतंय असं वाटावं. त्यांनी पैशाचं पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं आणि लोणी पर्समध्ये. ऑफिसात त्यांनी एका सोनाराला औषधवाल्याचा दाखला दिला. सोनार तो घेऊन गेला, आणि वाईट म्हणजे परत आला नाही. बसल्याबसल्या डोळा लागे. नवऱ्याने काही विचारलं तर उत्तर द्यायला इतका वेळ लागे की तोपर्यंत तो स्वतःच प्रश्न विसरून गेलेला असे.

नवरा विमा कंपनीत होता, दावे नाकारायच्या खात्यात. त्यामुळे कुठलीही गोष्ट पूर्णपणे मान्य करायची त्याला सवय नव्हती. "तू कॉफी सोडलीस हे खरं," तो म्हणाला, "पण चॉकलेट खाल्लंस. त्यातही तेच असतं. म्हणजे सोडली असं म्हणता येणार नाही."

"अहो, एक तुकडा खाल्ला."

"तुकड्याला सूट आहे असं कुठे लिहिलंय?"

समोरच्या फ्लॅटमध्ये डॉक्टर वहिनी राहत. त्या दातांच्या डॉक्टर. पण दातांशिवायच्या विषयांवर त्या फुकट सल्ला देत आणि त्यातच त्यांना खरा उत्साह होता. त्यांनी आल्याआल्या मिलीताईंची खालची पापणी ओढून पाहिली. "एकदम सोडायची नसते अशी गोष्ट. जागा रिकामी ठेवलीत की दुखणारच. दात काढला की आम्ही काय करतो? कवळी देतो. तुम्हाला कवळी हवी."

कॉफीची कवळी शोधायला सगळं घर लागलं. चिकोरीची पूड आणली, ती कॉफीसारखी दिसली, कॉफीसारखी विरघळली आणि लागली मात्र ओल्या लाकडासारखी. नवऱ्याने लिंबाचं गरम पाणी सुचवलं, कारण ते त्याला करता येत होतं. डॉक्टर वहिनींनी खजुराच्या बिया भाजून दळायला सांगितल्या. बिया भाजताना इतका धूर झाला की वरच्या मजल्यावरचे लोक बादली घेऊनच खाली आले. दळायला घेतल्या तर मिक्सरचं पातं तुटलं. जी काही पूड निघाली ती उकळून प्यायल्यावर मिलीताईंना रात्रभर झोप आली नाही. त्यात उत्तेजक काहीच नाही, असं डॉक्टर वहिनींनी सकाळी पुन्हा एकदा ठासून सांगितलं. उरलेली पूड त्याच घेऊन गेल्या. वाया कशाला घालवायची, म्हणाल्या.

शेवटी जव टिकले. भाजलेल्या जवाची पूड कडू होती, काळी होती आणि तिला कॉफी म्हणायला मनाची फार ओढाताण करावी लागत नव्हती. इथे मिलीताईंच्या शिक्षणाने डोकं वर काढलं. कॉफी एकदम बंद करायची नाही. कॉफीत जव मिसळायचे, आणि जवाचं प्रमाण हळूहळू वाढवत न्यायचं. पण आपल्या कपात किती जव आहेत हे आपल्यालाच माहीत असेल तर मन खेळ करतं. तेव्हा मिश्रण दुसऱ्या कुणीतरी करायला हवं, आणि आपल्याला सांगायचं नाही.

"आई, हे काम तुमचं," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "दर थोड्या दिवसांनी जव वाढवायचे. मी विचारलं तरी सांगायचं नाही."

सासूबाईंनी दोन्ही डबे समोर ठेवून घेतले. "विचारलंस तरी नाही?"

"नाही."

"रडलीस तरी?"

"मी कशाला रडेन, आई?"

"नाही, आपलं विचारून ठेवते," सासूबाई म्हणाल्या आणि डबे आत घेऊन गेल्या.

ऑफिसातही मदतीची लाट आली. साहेबांनी फर्मान काढलं की मिलीताईंना वास येऊन मोह होऊ नये म्हणून परीक्षा होईपर्यंत यंत्र बंद राहील. त्याच्यावर टेबलक्लॉथ घातला गेला. पांढऱ्या कापडाखालचं ते यंत्र दुरून एखाद्या अनावरण न झालेल्या पुतळ्यासारखं दिसे. सगळे कर्मचारी त्याच्या पुढून जाताना जरा थांबत, कापडाकडे पाहत, आणि मग मिलीताईंच्या खोलीकडे पाहत. त्या नजरेत आधाराची भावना होती असं साहेब म्हणत. मिलीताईंना ती वेगळी वाटे. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी तर एकदा स्पष्टच विचारलं, "तुमचं कधी बरं होणार?" जणू त्यांना कांजिण्या झाल्या होत्या.

पण गुण आला. आकडा बसू लागला.

आधी मिलीताईंचा विश्वास बसेना. त्यांनी तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवलं. अंक जरा इकडे, जरा तिकडे, आणि गप्प. डोकंही दुखायचं थांबलं. पाकीट पर्समध्ये आणि लोणी फ्रिजमध्ये गेलं. साहेब खोलीत येऊन आकड्याकडे कौतुकाने पाहत उभे राहत. काकांचा चेहरा मात्र उतरला. "असं होतं सुरुवातीला," ते म्हणाले. "पण खचायचं नाही, ताई. परीक्षा अजून व्हायचीय."

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मिलीताई स्वयंपाकघरात साखर शोधत होत्या. मागे जवाचा डबा होता, तो बाजूला ठेवायला उचलला आणि त्यांचा हात तिथेच थबकला. वर्षानुवर्षं वजनं उचलणाऱ्या हाताला काही गोष्टी विचारायला लागत नाहीत. हा डबा दुकानातून आणला तेव्हा जेवढा होता, तेवढाच होता.

सासूबाई टेबलाशी वाटाणे सोलत होत्या. नवरा पेपर वाचत होता.

"आई, जव संपत आले का हो?"

"आहेत की अजून."

"अजून म्हणजे सगळेच आहेत."

सासूबाईंनी एक शेंग फार काळजीपूर्वक सोलली. "तुझा चेहरा बघवत नव्हता गं. त्या दिवशी तू चपला फ्रिजमध्ये ठेवल्यास."

"पाकीट, आई. चपला नाही."

"काही का असेना. मी म्हटलं, एक दिवस पोरीला नीट कॉफी देऊ. उद्यापासून आहेतच जव. मग दुसऱ्या दिवशीही तसंच म्हटलं."

"म्हणजे रोज?"

"रोज म्हटलं."

मिलीताई खाली बसल्या. म्हणजे हे सगळे दिवस त्या अस्सल कॉफी पीत होत्या, आणि आकडा बसत होता. मग तो आधी का बसत नव्हता? त्यांच्या डोक्यात विचारांची जुळणी सुरू झाली होती, एवढ्यात नवऱ्याने पेपर खाली ठेवला. तो आपणहून पेपर खाली ठेवतो तेव्हा कुणाचा तरी दावा फेटाळला जाणार असतो.

"माझ्या बाजूनेही एक गोष्ट सांगायची राहिलीय," तो म्हणाला. "तुला त्रास होत होता म्हणून मी कॉफीच्या डब्यातली कॉफी काढून डिकॅफ भरली. चव तीच असते, फक्त परिणाम नसतो. तुला सांगितलं असतं तर तुझं मन खेळलं असतं. तूच म्हणाली होतीस."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. "तरीच मला दुपारभर झोप. मी म्हटलं वय झालं. तुला आईचाही विचार नाही आला रे?"

"तुझ्यासाठी नव्हतीच ती, आई. तिच्यासाठी होती."

"मग तिच्यापर्यंत पोचलीच नाही म्हण. त्या डब्यातलं नुसतं तपकिरी पाणी होतंय हे मला कळलं ना. मी डॉक्टर वहिनींकडून बरणी आणली आणि त्यातली घालायला लागले."

"कधीपासून?" मिलीताईंनी विचारलं.

"अगं, मधेच कधीतरी. तुझे आकडे बसायला लागले त्याच्या आधी की नंतर, ते मला नको विचारू."

मिलीताईंना नेमकं तेच विचारायचं होतं.

डॉक्टर वहिनींना बोलावलं. त्यांनी बरणी हातात घेतली, झाकण उघडलं, वास घेतला. "ही होय. ही माझी मिश्रणाची बरणी. यात चिकोरी आहे. कॉफीही आहे, किती ते आता नाही सांगता यायचं. आणि तुमच्या खजुराची पूड उरली होती ना, ती मी याच बरणीत टाकली का दुसऱ्या?" त्यांनी पुन्हा वास घेतला. "याच असेल. पण दातांना काही होणार नाही, याची हमी देते."

मिलीताईंनी आयुष्यभर अज्ञात वजनं शोधली होती. पण त्यासाठी दुसऱ्या पारड्यात निदान एक तरी ज्ञात वजन लागतं. इथे दोन्ही पारडी घरच्यांनी प्रेमाने भरली होती. त्या कॉफीवर होत्या, की कॉफीशिवाय होत्या, की आधी शिवाय आणि मग वर? आकडा कशाने बसला होता? हे कळल्याशिवाय उद्या सकाळी प्यायचं काय? विचार करकरून त्या एकाच निष्कर्षाला आल्या: जे काही होतं त्याने आकडा बसला होता, तेव्हा उद्याही तेच हवं, तस्संच.

"आई, उद्या रोजसारखी करा."

सकाळी सासूबाई ओट्याशी चमचा हातात धरून उभ्या राहिल्या. उभ्याच राहिल्या.

"काय झालं, आई?"

"रोजसारखी म्हणजे कशी, तेच आठवेना. रोज मी बघतच नाही गं हाताकडे. काल तू विचारलंस ना, तेव्हापासून हात माझ्याकडे बघायला लागलाय." त्यांनी एक चमचा घातला, थोडी पूड परत काढली, थोडी पुन्हा घातली. "मीठ चाखून बघता येतं. हे काय चाखायचं?"

मिलीताईंनी तो कप प्यायला. चव रोजसारखी होती किंवा नव्हती.

परीक्षक बाई वेळेवर आल्या. उंच, बारीक, करड्या केसांच्या, आणि न हसता गोड बोलणाऱ्या. त्या खोलीत आल्या, तराजूला पाहिलं, मिलीताईंना पाहिलं, आणि दोघांना सारखीच मान डोलावली. साहेबांनी विचारलं, काही घेणार का? "कॉफी चालेल," बाई म्हणाल्या. "जरा कडक." पाहुण्यांसाठी अपवाद करायलाच हवा होता. साहेबांनी बोळात जाऊन यंत्रावरचं कापड काढलं. काढताना आसपासच्या टेबलांवरून एक दीर्घ श्वास ऐकू आला म्हणतात.

आत मिलीताईंनी चिमटा उचलला. चिमट्याचं टोक स्थिर होतं. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं, इतकं स्थिर. वजन पारड्यावर टेकलं तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. दार लोटलं, हात मांडीवर घेतले. अंक जरा इकडे झाला, जरा तिकडे झाला, निजायला टेकला, आणि ताडकन उठून धावत सुटला.

बाईंनी पेन्सिल उचलली.

तेवढ्यात साहेब कप घेऊन आले, त्यांनी आकड्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कपातल्या दुधापेक्षा पांढरा झाला. दाराच्या काचेतून काका डोकावत होते, ते अदृश्य झाले. खिडकीमागची आपली खुर्ची ते पुसायला गेले होते हे मागाहून कळलं.

"पुन्हा घ्या," बाई म्हणाल्या आणि कॉफी प्यायला लागल्या.

मिलीताईंनी पुन्हा घेतलं. आकडा बसला. अजून एकदा घेतलं. बसला, तोच. बाईंचा कप संपला. "छान आहे हो कॉफी," त्या म्हणाल्या. साहेब धावतच दुसरी आणायला गेले, आणि आकडा पळाला.

मिलीताई त्या पळणाऱ्या आकड्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा गोंधळ आता पूर्ण झाला होता. कॉफी बाई पितात आणि आकडा माझा पळतो. छे, दुसऱ्या कपाचा तर बाईंनी अजून घोटही घेतलेला नाही. बाईंची कॉफी अजून व्हायचीय. ती तिकडे बोळात होतेय. भिंतीपलीकडे काहीतरी घरघरत होतं. ते थांबलं, एक सुस्कारा आला, आणि आकडा बसला.

त्या खोलीत इतकी वर्षं काढलेल्या मिलीताईंनी आजवर कुठल्याच वरिष्ठाकडे काही मागितलं नव्हतं. साहेब कप घेऊन आले तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, बाईंसाठी अजून एक आणता का?"

साहेब हातातल्या भरलेल्या कपाकडे पाहू लागले. "ही आहे की."

"अजून एक."

"मिलीताई, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. त्या आकड्याकडे पाहत होत्या. "आणा," त्या म्हणाल्या.

साहेब गेले. घरघर आली, आकडा पळाला. सुस्कारा आला, आकडा बसला. साहेब आले, त्यांना पुन्हा पाठवलं. टेबलावर भरलेल्या कपांची रांग लागली. "सगळी प्यायलाच पाहिजे असं नाही," मिलीताई संकोचून म्हणाल्या. "आणलीच आहे तर," बाई म्हणाल्या.

त्या खोलीतलं टेबल काळ्या दगडाचं, स्वतःच्या खांबांवर उभं असतं आणि कुठल्याही भिंतीला शिवत नाही. भिंत हलली तरी तराजूला कळू नये म्हणून. टेबल आणि भिंत यांच्यात एक बोटभर फट असते आणि ती तशी असावी यासाठी कुणीतरी बराच अभ्यास केलेला असतो. बाईंनी टॉर्च मागवला. दोघी गुडघ्यांवर बसून मागे डोकावल्या. फट नव्हती. कॉफीच्या यंत्राची पाण्याची नळी भिंतीतून घेताना गवंड्याला ती दिसली होती, आणि एवढं चांगलं टेबल भिंतीला नीट बसवायचं राहूनच गेलेलं पाहून त्याने ती सिमेंटने भरून दिली होती. वरून रंगाचा हातही मारला होता.

"सुंदर काम केलंय," बाई म्हणाल्या.

मिलीताई जमिनीवरच बसून राहिल्या. आपण डोकं दुखवून घेतलं, मिक्सर मोडला, सासूबाईंना खोटं बोलायला लावलं, आपल्या हाताची, पायाची, श्वासाची झडती घेतली. टेबलाला एकदाही विचारलं नाही. त्यांना सुटल्यासारखंही वाटत होतं आणि न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगून झाल्यासारखंही.

परीक्षक बाईंनी निकाल दिला: मापन करणाऱ्या पास, टेबल नापास. मिलीताईंची खोली मिलीताईंकडेच राहिली. खिडकीसाठी दुसरं कुणीतरी शोधायचं ठरलं आणि काकांची निवृत्ती तेवढी पुढे ढकलली गेली. सही करताना बाईंचा हात बराच हलला, पण त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं.

एवढ्यावर भागलं असतं, पण फट उघडायची होती. इमारतीची देखभाल करणाऱ्या खात्याने कळवलं की फट हा दोष होता, दोष दुरुस्त झालेला आहे, आणि दुरुस्ती हाच दोष आहे अशी तक्रार नोंदवायची सोय त्यांच्याकडे नाही. साहेबांनी विचारलं, मग काय करू? ते म्हणाले, टेबल नीट बसत नाही अशी तक्रार करा. साहेब म्हणाले, ते फारच नीट बसलंय. ते म्हणाले, मग प्रश्न काय आहे? हा पत्रव्यवहार अजून चालू आहे. तोवर बाईंच्या आदेशाप्रमाणे वजन चालू असताना यंत्र बंद ठेवायचं. शिवाय यंत्र आल्यापासून ते झाकेपर्यंतच्या काळात तपासलेली सगळी वजनं पुन्हा तपासायची. म्हणजे वजन दिवसभर चालू असतं.

घरी आता कुणी कुणाला काही विचारत नाही. सकाळी मिलीताईंसमोर कप येतो. सासूबाई बरणीतून घालतात, की डब्यातून, की दोन्हींतून, ते त्यांनाच ठाऊक, आणि बहुधा त्यांनाही नाही. मिलीताई पितात. चव चांगली असते.

ऑफिसात त्यांच्या खोलीच्या दारावर साहेबांनी पाटी लावली आहे: आकडा बसेपर्यंत कॉफी बंद. दुपार झाली की काचेपलीकडे एकेक जण येऊन उभा राहतो. टंकलेखनवाल्या बाई येतात, हिशेबनीस येतात, काका खिडकी बंद करून येतात, आणि शेवटी साहेब. प्रत्येकाच्या हातात रिकामा कप असतो. तक्रारीला फक्त तोंड फुटायचं बाकी असतं. ज्या खिडकीपासून पळण्यासाठी एवढं केलं, ती आता त्यांच्याच दाराला येऊन लागली होती.

काल साहेबांनी काचेवर हळूच टकटक केलं. दार अर्धवट उघडून मान आत घातली. "मिलीताई, अजून किती?"

मिलीताईंनी वर पाहिलं नाही. "बसतोय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी मान बाहेर घेतली आणि रांगेला सांगितलं, "बसतोय." रांगेने एक सुस्कारा सोडला.

आकडा केव्हाच बसला होता. मिलीताई हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिल्या. आपण तसं का म्हणालो, हे त्यांना काही केल्या कळेना; पण चिमटा त्यांनी लगेच उचलला नाही.